जसुफईंचा डबा

धर्मेन,

तू भाईबंदांबरोबर गाठिये खायला गेलायस, आपली पंखी झोपलीय, तेवढ्यात लिहितेय. आम्ही दोघी दहाच्या बसने भुजला, माझ्या मैत्रिणीकडे, फोरमकडे निघतोय.

चार महिने घरोघर पाहुणे म्हणून फिरतोय. अकरा घरं झाली, सगळी तुझ्याकडची. माझ्या मैत्रिणीचं एकच, ते तू तीनदा पुढे ढकललंस. आता म्हणे आधी जुनागढला मागे फिरायचं, तुझ्या आत्याचा, जसुफईंचा डबा द्यायला. तोही रिकामा नाही, भरून. मग त्या पुन्हा भरून देणार आणि आपण पुन्हा परत करायला जाणार.

काल पंखीला घर कुठे विचारलं, तर तिने बॅगेवर हात ठेवला. तू हसलास.

तिचं झबलं दोरीवर वाळतंय, तेवढं आण. डबा मी नेतेय. फोरमही तो रिकामा देणार नाही. घ्यायला तुलाच यावं लागेल.

हिरल