आईच्या उशाशी दिवा

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तू आणि भाऊजी ठणठणीत आहात असं मी धरून चाललो आहे. खात्री करून घ्यायची तर तुम्ही फोन उचलायला हवा. इकडे आम्ही होतो तसेच आहोत. आईचे कान आणखी गेले, बाकी ती शाबूत.

मागच्या भेटीत तू सगळ्या नातेवाइकांसमोर मला झापलंस, की मी फोन करकरून थकते, घंटी वाजत राहते आणि आईला कुणी फोन देत नाही. (काकूंनी तेव्हा तुझ्या पाठीवरून हात फिरवला. माझी पाठही तिथेच होती.) वर म्हणालीस, एवढं इलेक्ट्रॉनिक्स शिकलास, आईसाठी काय केलंस? हे मात्र झोंबलं. रिसीव्हर कानाला घट्ट धरला की आईला थोडंफार कळतं, घंटी तेवढी ऐकू येत नाही. म्हणून ठरवलं, घंटी वाजली की तिच्या उशाशी दिवा लागेल असं सर्किट करायचं, आणि तेही विकत न आणता घरीच, म्हणजे तुला बोलायला जागा उरायला नको.

सर्किटचा नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या बोर्डावर पालथा ठेवून इस्त्री फिरवायची. टोनर वितळून तांब्याला चिकटतो. मग बोर्ड रसायनात बुडवला की उघडं तांबं विरघळतं आणि टोनरखालच्या रेषा उरतात. वाचायला सोपं आहे. गुळगुळीत कागद घरात एकच होता, तुमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकातला, ज्यात आईच्या मायेवर तुझी मुलाखत आहे. (दुसरा सापडला नाही, शपथ.) मुलाखतीवर सर्किट छापलं, पाठीमागे तुझा फोटो होता, तो इस्त्रीला चिकटला आणि बायकोच्या पांढऱ्या कुडत्यावर उमटला. ती म्हणाली, "चला, अशा का होईना, वन्सं घरी आल्या." बोर्डावर रेषा निम्म्याच आल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला झेरॉक्सवाल्याकडे गेलो. छपाई आरशातल्यासारखी उलटी हवी असते, कारण कागद पालथा पडतो. मी कोपऱ्यात हौसेने 'आई' लिहिलं होतं, तेही अर्थात उलटं. त्या भल्या माणसाने ते पाहिलं आणि न विचारता सगळं सरळ करून दिलं. मी न बघता घरी आणलं, इस्त्री केली, रसायनात बुडवलं (बेसिनला पडलेला तपकिरी डाग जात नाही, बायको तो रोज माझ्यासमोर घासते), डोळे फुटेस्तोवर भोकं पाडली, आणि आयसीची चिप बसवायला गेलो तर तिचे पाय नेमके भलत्या बाजूला! दुकानात जाऊन भांडलो. तो म्हणाला, "साहेब, आईचं नाव उलटं कसं छापायचं?"

तिसरा बोर्ड जमला. दिवा उशाशी लावला. आता आई दिवसभर त्याच्याकडे बघत असते. लागत नाही म्हणजे माझ्या हातूनच काहीतरी चुकलं, असं तिचं मत आहे. माझं मत वेगळं आहे, पण ते तिला सांगवत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
काही न करणारा भाऊ

ता.क. दिवा बिघडलेला नाही हे आईला पटावं म्हणून मी जिन्यात जाऊन मोबाइलवरून घरी फोन लावला. दिवा लागला. आईने धडपडत रिसीव्हर उचलला, "बोल गं" म्हणाली, आणि तुझ्यासाठी साठवलेलं सगळं सांगत सुटली. मी आहे हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. नुसता "हं, हं" करत राहिलो.

आणखी एक ता.क. आता ती रोज संध्याकाळी वेणी घालून दिव्यासमोर बसते आणि मला जिन्यात जावं लागतं. काल तिने विचारलं, "रविवारी येतेस ना?" मी "हं" म्हणून बसलो आहे. पुढचं तू बघ.