सूर तोच, जागा वेगळी

३ मार्च, मूंटा
आले एकदाची. अ‍ॅडलेडहून गाडी हाकत आले आणि गावाच्या वेशीवरच भाजलेल्या पॅस्टीचा, म्हणजे मटण-बटाट्याच्या करंजीचा, वास आला. इथे माझं जमणार.

डॅफ्नी रॉस्किलीला सगळं गाव डॅफमावशी म्हणतं, मीही लगेच म्हणू लागले. जुन्या चर्चमध्ये तिची कार्यशाळा आहे. बाकं होती तिथे आता टेबलं, आणि टेबलांवर सुटे सुटे डबे तारांनी जोडून वाजवायचे सिंथेसायझर. सूर जिथून निघतो तो डबा म्हणजे ऑसिलेटर. तो तपासून सुरात लावायचा, हे माझं काम. मावशीने मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, कान आहेत की नुसतीच कानातली? तिथेच ती मला आवडली.

६ मार्च
मावशीचा नवा ऑसिलेटर फक्कड आहे. सूर न हलवता त्याची लाट पुढेमागे ढकलता येते. त्याला फेज सरकवणं म्हणतात. झोका आपल्या लयीत चालूच असतो, आपण त्याला मधूनच ढकलून जरा पुढे नेऊन ठेवतो. असे धक्के भराभर दिले की साधा सूर घंटेसारखा खणखणू लागतो. आज मी त्याचाच आवाज तारेने त्याच्याच फेजमध्ये सोडला, म्हणजे तो स्वतःलाच ढकलू लागला. काय मजा आली! फक्त मधूनच टकटक येते.

मी म्हटलं, कुठेतरी सोल्डरिंग कच्चं आहे. मावशी म्हणाली, सोल्डरिंग नाही गं, खालचे लोक आहेत. चर्चखालून तांब्याची जुनी खाण जाते. दरड कोसळायच्या आधी हे बुटके लोक आतून ठोकून सांगतात, असं तिचे खाणकामगार आजोबा म्हणायचे. त्यांच्यासाठी तिने आपल्या पॅस्टीची मुरड ऑसिलेटरवर ठेवली. मी ती उचलून खाल्ली. चांगली खरपूस होती. मावशीने मला दटावलं आणि दुसरी मुरड तोडून तिथे ठेवली.

९ मार्च
टकटक झाली आणि लगेच टेबलावरचा हातोडा पडला. पुन्हा टकटक, आणि बाहेर फांदी मोडली. फेजचा नॉब पुढे असला की टकटक आधी येते, मागे घेतला की पडझड झाल्यावर. योगायोग असेल. मी घाबरट नाही आणि मला कोणी घाबरवायच्या फंदात पडूही नये.

११ मार्च
मावशी पाव आणायला गेली होती. नॉब पुढे होता. स्पीकरमधून माझाच आवाज आला: मावशी, हात दे. मग मोठा कडकडाट. मग नुसती गुणगुण.

मी तोंडही उघडलं नव्हतं.

घाबरले, खोटं कशाला लिहू? पण पळणार नाही. माझा आवाज माझ्याआधी कोणी वापरायचा नाही. नॉब पार मागे फिरवला आणि वर चिकटपट्टी लावली. मावशी आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बातमी वाईट म्हणून पोस्टमनला कोंडतेस होय? काढ ती पट्टी. मी म्हटलं, आधी मला कामावरून काढ.

पट्टी तशीच आहे.

१२ मार्च, दुपार
चर्चची जमीन खचली. आधी टकटक नाही. पट्टी मीच लावली होती —

मावशी खाली खाणीत आहे, मोडक्या तुळईवर. जिवंत आहे, मला शिव्या घालते आहे. बंब निघालाय. बंबवाले फोनवर म्हणाले, कडेला जाऊ नका. कडेलाच पालथी पडले आहे. डोकं ताळ्यावर राहावं म्हणून लिहिते —

आता येते आहे टकटक. पडून गेल्यावर.

तुळई सरकते आहे. बंब अजून नाही.

‘मावशी, हात दे’ हे शब्द म्हणायचे नाहीत. म्हटले की कडकडाट. पण धुळीत तिला माझा हात दिसत नाही. सांगावंच लागेल —

थांब. झोका. सूर तोच, जागा तेवढी —

मी बोलले की ती हात वर करणार. तोल जाणार. म्हणून कडकडाट. मग शब्द तेच ठेवायचे, नुसते मागे सरकवायचे. आधी मी खाली वाकून मनगट धरणार. मग बोलणार. आवाज माझा, वेळही मीच ठरवणार.

जाड केबल कमरेला बांधली. दुसरं टोक खांबाला.

पुन्हा टकटक. ऐकते आहे, बाबांनो. दोघी वर आलो तर मुरड तुमची. अख्खी पॅस्टी तुमची —

मनगट दिसलं.

पेन्सिल दातांत धरते, म्हणजे तोंड उघडणार नाही. आधी मनगट, मग —