कॅमेऱ्याखालच्या मुली

तिरोडा, शनिवार
जानेवारी २०१६

प्रिय इंद्रकुमार,

फोन केला की तू "ताई, पटकन बोल, मीटिंग आहे" म्हणतोस, आणि मला पटकन बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे. रागात लिहिते आहे, हेही आधीच सांगून टाकते.

काल नागपुराहून पडद्यावर शिकवताना तू गावोगावच्या सगळ्या केंद्रांदेखत म्हणालास, "तिरोड्यात मी रिकाम्या बाकांना शिकवतो आहे." सोमवारी मी सांभाळते ते हे केंद्र बंद करायची शिफारस पाठवणार, असंही म्हणालास. अरे शहाण्या, वर्ग भरलेला होता. पोरी कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, तुला दिसणार नाहीत अशा, भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या. तिथून पडदा धड दिसत नाही, नुसतं ऐकून लिहितात. तुझं वाक्यही सगळ्यांनी ऐकलं.

दिवाळीनंतर ओमेश्वरीने तुला प्रश्न विचारला होता. तू खूश झालास, तिला उभं केलंस, सगळ्या पडद्यांवर मोठं करून दाखवलंस. तुझं काही चुकलं नाही. पण दुसऱ्या केंद्रातल्या कुणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढला, आणि तो खाली नाही नाही ते लिहून फिरत फिरत तिच्या गावात पोचला. तिच्या वडिलांनी, कुंजीलालभाऊंनी, तिला घरी बसवलं. बाकीच्या पोरींनी त्या दिवसापासून बाक सोडले. माईक कॅमेऱ्यासमोरच्या टेबलावर, मग बोलायला कोण उठणार?

तुझी धडपड मला दिसत नाही असं समजू नकोस. चित्रं काय दाखवतोस, कोडी काय घालतोस, "आज तिरोडा बोलणार" म्हणून थांबतोस काय. पोरी खालून मला हळूच उत्तर सांगतात. मी माईकपर्यंत जाईस्तोवर तू पुढच्या केंद्राकडे वळलेला असतोस. तेव्हा तुझा अभिमान वाटतो आणि कानाखाली वाजवावीशीही वाटते.

काल वर्ग सुटल्यावर मी कुंजीलालभाऊंकडे गेले. उन्हाळ्यात पोरीचं लग्न उरकायचं चाललंय, परीक्षेलाही बसवणार नाहीत. ओमेश्वरी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. खूप समजावलं, तेव्हा भाऊ म्हणाले, "मास्तर माया पोरीले पाहून राहिला, मंग मी मास्तरले काऊन पाहू नये?" पोरीला शिकवणारा माणूस त्यांना आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. तुला गोंदियाच्या हॉस्टेलात ठेवताना आपल्या बाबांनी तरी काय केलं होतं? वॉर्डनच्या घरचा चहा घेतल्याशिवाय तुझी पेटी खाली ठेवली नव्हती. मी म्हटलं, पाहा की भाऊ, आमच्याच घरचं पोरगं आहे. बोलून बसले खरी, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं, ते कुंजीलालभाऊ. त्यांच्या मागे मान खाली घालून उभी आहे ती ओमेश्वरी. भाऊ फार बोलणार नाहीत, तुझ्याकडे नुसते पाहत राहतील. पाहू दे. पोरीला पुढे शिकवायचं की नाही, ते तुझ्या घरून निघताना ठरवणार आहेत, आणि इथल्या बाकीच्या पोरींचे बापही त्यांच्याच तोंडाकडे बघतात. शिफारस मग काय लिहायची ती लिही. आता पत्र खाली ठेव आणि त्यांना आत बोलाव. अजून दारातच उभे असतील.

तुझीच,
सुमित्राताई