काठीवरचा दिवा

ती. आईस,

तुझे पाय इथून लांब आहेत, म्हणून कागदावरच डोकं टेकवतो.

काम बरं चाललंय. सुट्टीच्या आदल्या रात्री मी आणि शेजारचा वेल्डर कयाक, म्हणजे एकेका माणसाच्या अरुंद होड्या, घेऊन पुलाखाली गळ टाकायला जातो. लगेच घाबरू नकोस, पुलावर रात्रभर दिवे असतात.

तू बजावलं होतंस, "उजेडात राहा." म्हणून मी महिनाभर नेमका दिव्यांखाली बसलो आणि हात हलवत परत आलो. वेल्डर होडी उलटेल इतका हसला. म्हणाला, "अरे, उजेडात बारकी मासळी येते. तिला खाणारे मोठे मासे कडेच्या सावलीत टपून असतात."

आता मीही सावलीत बसतो. पण होडीमागे काठीवर लावलेला माझा दिवा मालवत नाही. मासे बुजतात म्हणून वेल्डर चिडतो, लांब जाऊन बसतो. बसू दे. बाबांच्या होडीवर दिवा असता तर त्या लाँचवाल्याला ती दिसली असती, हे त्याला कुठे माहीत?

तुझा गुडघा कसा आहे? धाकटी वेळेवर जेवते ना?

मासे फारसे मिळत नाहीत. पण तू आता रात्र रात्र जागू नकोस, आई. मी लांबूनसुद्धा दिसतो.

तुझा,
थोरला