दाराची परीक्षा

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचा! घोडं गंगेत न्हालं. (मिशनरी व्हायला निघालेल्या माणसानं असं म्हणावं की नाही, कोण जाणे. वहीत चालतं.)

खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन खाटा, एक पत्र्याचं कपाट आणि खिडकीपाशी शाईचे डाग पडलेलं टेबल. जोडीदार माझ्या आधीच येऊन बसला होता. हा एवढा उंच, की झोपला तर घोट्यापासून पुढचे पाय खाटेबाहेर. मी त्याचं नाव लगेच लंब्या ठेवलं, त्यानं माझं बुटक्या. फिट्टंफाट. इथे प्रत्येकाला जोडीदार असतो आणि जोडी मोडायची नाही. जेवण, प्रार्थना, कपडे धुणं, सगळं एकमेकांच्या नजरेसमोर.

पोर्तुगीज शिकवणाऱ्या बाईच हे घर चालवतात. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात कायम विणकाम. आल्या आल्या डोक्यावरून हात फिरवला आणि हरवायला नको म्हणून आमचे पासपोर्ट कपाटात ठेवले. रखवालदार आणि स्वयंपाकीणबाई चकार शब्द बोलत नाहीत. बाई म्हणाल्या, दोघांनी मौनव्रत घेतलंय.

उद्यापासून तोंडातून फक्त पोर्तुगीज; ती आली तरच मिशन आम्हाला तिकडे, पोर्तुगीज बोलणाऱ्या देशात पाठवणार. स्वतःच्या भाषेतलं हातानं लिहिलेलं काही बरोबर आणलंय का, असं बाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो. देवाच्या घरात पहिल्याच दिवशी थाप! पण ही वही आईनं दिलीय. रोज चार ओळी लिही, म्हणाली, बोलायला कोणी नसलं तर वहीशी बोल. तिचा शब्द कसा मोडू?

गुरुवार, ६ मार्च

सकाळी बाई आम्हा सहा जणांना घरभर फिरवतात. खुर्चीला हात लावायचा, नाव घ्यायचं. नळ, नाव. जिना, नाव. मला झटपट येतं. बाई मान डोलावतात आणि मी कोंबड्यासारखा छाती फुगवून चालतो.

लंब्याचं मात्र अवघड आहे. तो गवंडी होता. हात सोन्याचे, पण डोक्यात शब्द टिकत नाहीत. सकाळी शिकवलेलं 'खिडकी' दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत उडून जातं. त्याला तिकडे जायचंच आहे, कारण त्याची थोरली बहीण तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. सहा वर्षांत भेट नाही. आईमागे तिनंच त्याला वाढवलं. तिचा फोटो तो पाठ्यपुस्तकात ठेवतो आणि पाठ करायच्या ऐवजी फोटोच बघत बसतो.

स्वयंपाकीणबाई डाव्या हातानं वाढतात. उजव्याला फडकं गुंडाळलेलं असतं. भाजलं असेल. सूप मात्र झकास.

मंगळवार, ११ मार्च

आज बाईंनी परीक्षेची माहिती दिली. परीक्षा तोंडी आहे, पण पुस्तकाची नाही.

म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी आपला एक भाऊ तिकडे पडलेल्या भिंतीखाली सापडला. दिवसभर तो स्वतःच्या भाषेत ओरडत होता. लोकांना वाटलं प्रार्थना करतोय. टोप्या काढून आदबीनं उभे राहिले. संध्याकाळी आवाज थांबला. ज्याला दुखताना मदत मागता येत नाही त्याला ती भाषा आलेलीच नाही, असं बाईंचं म्हणणं. सांगताना डोळे पुसत होत्या. मलाही भरून आलं.

म्हणून परीक्षा दाराची. वर्गाच्या जाड दाराच्या फटीत डाव्या हाताची बोटं ठेवायची आणि जोडीदारानं दार लावायचं. पहिली किंकाळी धरत नाहीत, ती कुठल्याही भाषेत सारखीच. त्यानंतर तोंडातून जे येईल ते पोर्तुगीज हवं. पास झाला तो दुसऱ्या दिवशी निघाला. दोनदा नापास झाला तो इथेच राहून सेवा करणार.

बाई गंमत करताहेत असं वाटून आम्ही नवे चौघे हसलो; आमच्या आधीपासून इथे असलेला, बोटांना पट्टी बांधलेला चष्मेवाला आणि त्याचा जोडीदार हसले नाहीत. बाई विणत राहिल्या.

शुक्रवार, १४ मार्च

गंमत नव्हती.

दार मी लावलं. लंब्यानंच सांगितलं, लाव रे, काही होत नाही. बोटं मोडल्याचा आवाज दारातून माझ्या तळहाताला लागला. लंब्या ओरडला, मेलो, मेलो! आपल्या भाषेत. बाईंनी हळहळून च्‌ च्‌ केलं आणि त्यांच्या वहीत फुली मारली.

मग माझी पाळी. मी 'सोकोर्रो' घोकून ठेवला होता. सोकोर्रो म्हणजे वाचवा. पण लंब्याच्यानं जोर करवेना. नुसतं चिमटल्यासारखं झालं, आणि मी नाटकातल्यासारखा झोकात ओरडलो. बाई म्हणाल्या, मायेनं लावलेलं दार धरत नाही, म्हणजे तूही नापास. अठ्ठावीस तारखेला दोघांची पुन्हा.

पुढच्या जोडीतला चष्मेवाला दुसऱ्यांदा नापास झाला. बाईंनी त्याला जवळ घेतलं आणि आतल्या खोलीत नेलं. त्याच्या जोडीदारालाही बरोबर बोलावलं. दाराला आतून कडी लागली.

सोमवार, १७ मार्च

चष्मेवाला आज अंगण झाडत होता. तोंडाला पट्टी. मी हळूच विचारलं, काय झालं रे? त्यानं पट्टी खाली करून तोंड उघडलं.

आत जीभ नाही. बुडखा आहे, काळ्या टाक्यांनी शिवलेला.

हेच मौनव्रत. रखवालदाराचंही हेच असणार. चष्मेवाल्याचा जोडीदार पास होऊन शनिवारीच गेला. कापली त्यानंच, चष्मेवाल्यानं खुणेनं सांगितलं. पासपोर्ट त्यावरच मिळतो.

फाटक कुलूपबंद. भिंतीवर काचा. मी रखवालदाराच्या पाया पडलो. त्यानं मान फिरवली.

लंब्याला सगळं सांगितलं. तो बहिणीचा फोटो छातीशी धरून रडला. मी म्हणालो, रडू नकोस, तुझी जीभ मी जाऊ देणार नाही. आईशप्पथ.

बुधवार, १९ मार्च

उपाय सापडला. पाठ करून शब्द येत नसेल तर मारून आणायचा.

धुण्याच्या मोरीत दुपारी कोणी नसतं. कपडे बडवायचं धोपाटणं घेतलं. लंब्यानं गुडघा पुढे केला. मारलं. मेलो म्हणाला. पुन्हा मारलं. पुन्हा मेलो. अकराव्या फटक्याला म्हणाला, सोको... आणि ओकला.

रात्री जेवताना त्यानं स्वतःचा पाव मला दिला. म्हणाला, तूही दोन-चार खाऊन घे, सवय होईल. मी म्हणालो, माझं पक्कं आहे रे, माझी काळजी करू नकोस.

शनिवार, २२ मार्च

कोपरं. नडगी. दारात मोडलेलं बोट. चारातल्या तीन वेळा सोकोर्रो येतो.

खरं लिहितो, दुसरीकडे कुठे लिहू? आज मला ते आवडलं. फटका बसतो आणि बरोबर शब्द बाहेर पडतो, नळ सोडल्यासारखा. त्याच्यासाठीच करतोय असं दहादा म्हणालो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बघितलं. लाज वाटते मला.

स्वयंपाकीणबाईंनी मला लिहिताना पकडलं. ओरडल्या नाहीत, ओरडणार कशा? उजव्या हाताचं फडकं सोडलं. बोटं नाहीत. चारही मुळापासून गेलीत, नुसता अंगठा राहिलाय. डाव्या हातानं हवेत लिहिल्यासारखं करून दाखवलं. मला वाटलं पेन्सिल हवीय. दिली. त्यांनी ती चुलीत टाकली आणि वहीकडे बोट दाखवलं. बिचारीचं डोकं फिरलंय.

मंगळवार, २५ मार्च

लंब्या आपल्या भाषेत बोलत नाही. खोलीतसुद्धा. मोरीतसुद्धा. मी बोललो की परक्याकडे बघावं तसा बघतो. बोलला तर फक्त पोर्तुगीज, अडखळत.

आज दहातल्या दहा.

झालं. वाचला.

शुक्रवार, २८ मार्च

लंब्या पास. दार मी पूर्ण ताकदीनं लावलं, आणि तो एकदाच, स्वच्छ, सोकोर्रो म्हणाला. बाईंनी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

मग मी. लंब्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्यानं खांदा लावला. गवंड्याचा खांदा.

आई गं! सोडव गं मला, आई, सोडव!

हे मी ओरडलो. सगळ्यात हुशार मी. पाठ केलेला शब्द कुठे गेला, देव जाणे. त्याला मी दहा दिवस मारलं आणि स्वतः एक चापट खाल्ली नाही. वर रोज इथे बसून आपल्याच भाषेत रडलो.

तेच बाईंनी ओळखलं. हळू आवाजात विचारलं, दिवसभर इतकं सुरेख पोर्तुगीज बोलतोस, मग आतल्या भाषेला खायला कुठे घालतोस, बाळा? मी म्हणालो, कुठेच नाही. बाईंनी लंब्याकडे पाहिलं.

लंब्याला वही माहीत आहे.

शनिवार, २९ मार्च — सकाळ

डावा हात भोपळ्याएवढा सुजलाय. उजव्यानं लिहितोय. पळायचं म्हणून उठलो तर दाराबाहेर चष्मेवाला आणि रखवालदार बसलेत. मान खाली घालून.

लंब्याला म्हणालो, अरे मी तुझी जीभ वाचवली. त्यानं पोर्तुगीजमध्ये आभार मानले. मग फोटो दाखवला, बहिणीचा. फोटोतून पासपोर्ट डोकावत होता. बाईंनी आधीच दिलाय. काम व्हायच्या आधी. म्हणजे त्यानं वहीचं सांगि —

लंब्या उठून जिना उतरला. थोड्या वेळानं खाली भांडी पडली. स्वयंपाकीणबाई. त्या जिन्यावर आडव्या पडल्यात, कुणाला वर येऊ देत नाहीत. घशातून नुसता घरघर आवाज. आता तोही —

जिना चढताहेत. आधी बाई. मागे जड पावलं, ती लंब्याची.

वही फाडून गिळू? पानं फार —

दारात. लंब्याच्या हातात जीभ कापायची कात्री नाही. मटण तोडायचा सुरा. बाई म्हणताहेत, जीभ असू दे त्याची, छान बोलते. याची भाषा जिभेत नाहीच —

देवा. स्वयंपाकीणबाईंचा उजवा हात. पेन्सिल चुलीत. आत्ता कळलं त्या काय —

लंब्यानं मनगट धरलं. लिहू देतोय. सुरा वर आहे आणि लिहू देतोय, रडतोय, कुठल्या भाषेत कळत ना —

आई, तुझ्या चार ओळी, आज ही तिस