देवळाच्या दारातली कपिला

गिरगाव,
४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि ऐकत काहीच नाहीस, म्हणून पत्र.

आमच्या देवळाच्या दारात मीराबाई गाय घेऊन बसते, त्या गायीला, कपिलेला, तुझ्या प्रयोगात घेण्याचं काम तू माझ्या गळ्यात घातलंस. ते झालं. काल तुमच्या परळच्या प्रयोगशाळेतला यशोधन येऊन तिला लंपी त्वचारोगाची लस टोचून गेला. मुलगा बरा आहे, पण शर्ट खोचत नाही.

लस म्हणजे काय, ते मीराबाईला मीच समजावलं. यात अख्खा विषाणू नसतो. त्याच्या अंगरख्याचा एक तुकडा प्रयोगशाळेत खमिराकडून, म्हणजे यीस्टकडून, बनवून घेतलेला असतो. चोराचा अंगरखा आधीच पाहून ठेवला की चोर आल्यावर अंग त्याला ओळखतं. पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे, एवढं मला येतं. मीराबाई म्हणाली की चोराने अंगरखा बदलला तर? प्रश्न चांगला होता. मी तिला गप्प बसायला सांगितलं.

एक अडचण आली. यशोधन कपिलेच्या कानात निळा बिल्ला ठोकणार होता. मीराबाई रडायलाच लागली. कान फाडलेल्या गायीला कोण चारा घालणार, असं तिचं म्हणणं. मग मी निर्णय दिला आणि बिल्ला झुलीवर शिवून टाकला, दुहेरी दोऱ्याने. यशोधन कुरकुरला, पण माझ्यापुढे कोणाचं चालतं?

ते चालू असताना गायीने संमतीपत्राचा कोपरा खाल्ला. सही शाबूत आहे.

वेळेवर जेवत जा. बाकी माया आहेच, ती लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझी,
मृणालिनीआत्या


परळ,
८ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे सगळ्यांनी वाचलं. यशोधन आता शर्ट खोचतो.

आत्या, बातमी वाईट आहे. अठ्ठावीस दिवसांनी सहाही गायींचं रक्त तपासलं. पाच गायींत प्रतिद्रव्यं भरपूर आहेत. सहावी कपिला. तिच्या रक्तात काही म्हणजे काहीच नाही. जणू तिला सुई लागलीच नाही.

आमचे शंतनु सर म्हणतात की सहांतली एक कोरी राहिली आणि कारण सापडलं नाही, तर लस कच्ची धरायची. मग पुढची दोनशे गायींची चाचणी बंद. तीन वर्षं मी या एका तुकड्यामागे घालवली आहेत. एकवीस तारखेला बैठक आहे. यशोधन शपथेवर सांगतो की त्याने बिल्ल्याचा नंबर दोनदा वाचून मगच रक्त घेतलं.

तू रोज देवळात जातेस. कपिला आजारी होती का? कोणी तिला काही भलतंच खायला घातलं का? एवढं पाहशील? रागावू नकोस, पण जेवण जात नाही.

तुझी लाडकी (असं मी समजते),
ऋता


गिरगाव,
१२ मार्च २०२५

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

आधी जेव. मग पुढचं वाच.

तुझं पत्र घेऊन मी थेट मीराबाईकडे गेले आणि गायीला काय झालं होतं म्हणून विचारलं. तिने निरागसपणे मलाच विचारलं की कुठल्या गायीला?

ऋता, मी चौदा वर्षं त्या गायीला नमस्कार करते आहे. ती एक गाय नाही. माहीमला बाबुराव म्हणून एकाचा गोठा आहे. त्याच्या चार गायी. ज्या दिवशी जिची पाळी, ती सकाळी टेम्पोतून इकडे येते. चारही पांढऱ्या. लोकांना रोजची गाय आवडते म्हणून झूल तीच, घुंगरं तीच आणि नाव तेच. बाबुराव मला म्हणाला की बाई, कपिला हे गायीचं नाव नाही, ते कामाचं नाव आहे.

म्हणजे लस टोचली एकीला आणि रक्त काढलं दुसरीचं. तुझा बिल्ला मात्र इमानाने झुलीवर होता, कारण तो मी शिवला होता. दुहेरी दोऱ्याने.

मग मी गोठ्यात उभी राहून विचार केला. चौघींसमोर एकेक कोरा कागद धरला. तिघींनी तोंड फिरवलं. एकीने कागद खाल्ला आणि माझ्या पदराकडे पाहिलं. हा पुरावा नव्हे, हे तू सांगायची गरज नाही. म्हणून बाबुरावाला दटावून चौघींच्या कानांत नंबर घालून घेतले. मीराबाई आता कानांवर झेंडूची माळ सोडते. पत्र मिळताच यशोधनला पाठव. चौघींचं रक्त घे.

माझा अंदाज सोबतच्या बंद पाकिटात आहे. निकाल हातात येईपर्यंत उघडायचं नाही. तुझी सवय मला माहीत आहे, लहानपणी दिवाळीच्या भेटी आधीच उघडून पुन्हा चिकटवायचीस.

तुझी,
आत्या


परळ,
२१ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं नाही. उजेडासमोर धरलं, पण तू आत काळा कागद घातला होतास.

चौघींपैकी तिघी कोऱ्या. तीन नंबरच्या गायीत प्रतिद्रव्यं सहाही गायींत सर्वांत जास्त. तीही फक्त आमच्या तुकड्याविरुद्धची, म्हणजे लंपी होऊन गेल्याची नव्हेत, लसीचीच. मग बैठकीत सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. तू लिहिलं होतंस, 'तीन नंबर.' शंतनु सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसून झाल्यावर त्यांनी बजावलं की यापुढे बिल्ला कानातच. मग दोनशे गायींच्या कागदावर सही केली. तो कागद मी लगेच कपाटात ठेवला. तीन नंबर अजून मोकळी फिरते आहे.

पण नंबराखाली तू आणखी एक ओळ लिहिली होतीस. ती मी बैठकीत वाचली नाही. 'अंदाज चुकला तर दोष माझ्या शिवणाचा. गायीचा नाही, आणि ऋताच्या लसीचा तर मुळीच नाही. हे पत्र पुरावा म्हणून दाखवावे.' खाली तुझी पूर्ण सही, एम. एस्सी. सकट.

माया लिहून दाखवायची तुला सवय नाही, हे खरं आहे.

रविवारी येते. पोटभर जेवेन.

तुझी,
ऋता