विचारलं तर अपेंडिक्स

६ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी लेक शिकायला माझ्याकडे आल्यापासून माझ्या शिलाई मशीनला उसंत नाही. शाळेच्या स्कर्टची कंबर दोनदा उसवून सैल केली. मावशीकडे राहून अंग धरलंस हो, असं मी चिडवते, पण ती हसत नाही. जेवते मात्र चिमणीएवढं. दर महिन्याला पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडते, आणि परवापासून कणकणही आहे. अपेंडिक्स तर तुम्ही हिवाळ्यातच काढलंत, मग हे काय गं? आईला कळवू नको म्हणाली, म्हणून मुद्दाम कळवतेय. लोभ आहेच, राग आला तरी तो असू दे.

तुझी धाकटी

९ जुलै

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पत्र घेऊन हेच येताहेत. त्यांना तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहिते. वाचलंस की पोरीला घेऊन तडक हॉस्पिटल गाठा.

अपेंडिक्स नव्हतं गं. जन्मापासून आतली वाट पडद्यानं बंद होती, पाळीचं रक्त आतच साचायचं. ऑपरेशन करून ती मोकळी केली. वाट पुन्हा आवळू शकते, दुखलं की लगेच आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण उद्या लग्नाच्या वेळी कुणी बोट दाखवू नये म्हणून, विचारलं तर अपेंडिक्स सांग, असं मीच तिला पढवलं. माझ्या जिवाचं पाणी झालंय. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांची सोय लावून रविवारी पोचते. रागाव नंतर, आधी नीघ.

तुझी ताई

१२ जुलै

ती. आईस, शि. सा. न.

दुसरं ऑपरेशन झालं. वाट आवळून आत पू झाला होता. एका बाजूची गर्भनलिका काढावी लागली, दुसरी चांगली आहे. आणखी आधी आणायला हवं होतं, असं इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते ऐकून मावशी जिन्यात बसून रडली. बाबा मला फक्त औषधाच्या वेळा विचारतात.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची मुलगी आहे. काय झालं, असं तिनं विचारलं, तर मी सवयीनं अपेंडिक्स म्हणाले. तीही म्हणाली, माझंही. आई, या बायकांच्या आजारांच्या वॉर्डात अपेंडिक्सचे पेशंट ठेवतच नाहीत. मग मी तिला सगळं खरं सांगितलं. तिनं माझ्याकडे कूस वळवली. नंतर म्हणाली, घरी गेल्यावर पुन्हा दुखलं तर कुणाला सांगू?

तुझी माया आहे, ते मला ठाऊक आहे. रविवारी आलीस की आधी तिच्या आईशी बोल. त्या तुझं ऐकतील.

तुझी लेक